परत वाचून दाखव

अमोघ डुबलचं बोलणं जगात मोजून तीन माणसांना कळायचं. त्यातली एक त्याची आई. तिला तो न बोलताही कळायचा, त्यामुळे तिला धरण्यात अर्थ नाही. दुसरे वडील. ते अर्धं ऐकून उरलेलं स्वतःच्या मनाने भरायचे आणि बहुतेक वेळा चुकायचे. राहता राहिली नाझनीन मुजावर. ती ना नात्यातली, ना वर्गातली. ती परीक्षेत त्याचा पेपर लिहायची.

जन्माच्या वेळी अमोघच्या मेंदूला प्राणवायू कमी पडला होता. बुद्धी शाबूत राहिली, पण हात आणि जीभ त्याचं ऐकेनात. पेन धरलं की बोटं आपल्या मर्जीने वळायची, आणि तोंडातून निघालेला शब्द वाटेतच कुठेतरी सांडायचा. अशा विद्यार्थ्याला नियमाप्रमाणे लेखनिक मिळतो, वेगळी खोली मिळते, तासामागे थोडा जादा वेळ मिळतो. लेखनिक मात्र त्या विषयाचा नसावा आणि विद्यार्थ्याच्या पुढच्या वर्गातला नसावा. अमोघ भूगर्भशास्त्राला आणि नाझनीन त्याच्या एक वर्ष मागे, कॉमर्सला. पहिल्या पेपराला 'बेसाल्ट' हा शब्द तिने एखाद्या नव्या बिस्किटाचं नाव असावं अशा चेहऱ्याने लिहिला होता.

कराडच्या त्या कॉलेजात त्यांची वेगळी खोली म्हणजे दगडांचे नमुने ठेवायची अडगळ. दाराशी पर्यवेक्षक वर्तमानपत्र वाचत बसायचे, आणि धूळ खात पडलेल्या खोक्यांच्या मधे ही दोघं. कामाची पद्धत ठरलेली होती. अमोघने वाक्य सांगायचं, नाझनीनने लिहायचं आणि लिहून झालं की मोठ्याने परत वाचून दाखवायचं. त्याने "हं" म्हटलं की पुढचं वाक्य. कधी कधी तो "हं" म्हणायचा नाही. थांबायचा, कपाळाला आठ्या घालायचा, मग म्हणायचा, खोड ते, असं लिही. ती खोडायची. तिने लिहिलेल्या त्याच्या उत्तरपत्रिका खाडाखोडीने भरलेल्या असायच्या आणि तरी तो पहिल्या वर्षापासून वर्गात पहिला येत होता. भूकंपशास्त्राला पुढे जायचं हे त्याचं ठरलेलं होतं. कोयनेच्या धक्क्यांनी घरातली भांडी वाजताना ज्याचं लहानपण गेलं, त्याने दुसरं काय शिकावं?

शेवटच्या वर्षाच्या सुरुवातीला 'अनुलेख' आलं.

यंत्र दिसायला अगदीच साधं होतं. गळ्याभोवती एक मऊ पट्टा आणि कानांवरून डोक्याला घातलेली एक पट्टी. पण त्यामागची कल्पना सुंदर होती, आणि ती पहिल्यांदा ऐकली तेव्हा अमोघ आनंदाने अक्षरशः खुर्चीतून घसरला होता. माणूस बोलतो म्हणजे काय करतो? मेंदू आधी वाक्य जुळवतो आणि मग जबड्याला, जिभेला, गळ्याला हुकूम सोडतो. अमोघच्या मेंदूतून तो हुकूम निघेपर्यंत सारं ठीक असायचं. घोटाळा व्हायचा तो स्नायूंपाशी. अनुलेख स्नायूंची वाट बघतच नव्हतं. निघालेला हुकूम ते त्वचेवरून टिपायचं, शब्दांत बदलायचं आणि स्वच्छ, गोड, कुठेही न अडखळणाऱ्या आवाजात बोलून दाखवायचं.

यात एक गोम होती. मनात वाक्य जुळणं वेगळं आणि 'हे बोलायचंच' असं ठरणं वेगळं. जुळलेली सगळीच वाक्यं माणूस बोलत नाही. बोलला तर घरोघर मारामाऱ्या होतील. अनुलेखला या दोन्ही खुणा वेगवेगळ्या दिसायच्या. ठरलेली वाक्यं ते बोलायचं आणि लिहायचं. नुसती जुळून विरलेली वाक्यं ते तात्पुरती धरून ठेवायचं, कारण त्यांच्यावाचून पुढच्या वाक्याचा अंदाज चुकायचा. काम संपलं की मात्र, ज्याची त्याने 'ठेवा' म्हटल्याखेरीज, ती पुसायची, असा कायदाच झाला होता. मनात आलं आणि बोललो नाही, ते ज्याचं त्याचं.

पट्टा घातल्यावर अमोघचं पहिलं वाक्य होतं, "आई, पोह्यांत शेंगदाणे घालू नकोस, मला ते कधीच आवडले नाहीत." आई रडली. लेक बोलला म्हणून आणि इतकी वर्षं शेंगदाणे घातले म्हणूनही.

ते दिवस मजेचे होते. तो मंडईत भाजीवाल्याशी हुज्जत घालून आला. वर्गात हात वर करून त्याने प्रश्न विचारला, आणि सर दचकले. नाझनीनला म्हणाला, सुटलीस बाई तू आता, परीक्षेच्या दिवसांत स्वतःचा अभ्यास कर. ती हसली. त्या नव्या आवाजाकडे मात्र ती जरा परक्या पाहुण्याकडे बघावं तशी बघत होती.

दिवाळीआधीची सत्रपरीक्षा त्याने अनुलेखवर दिली. यंत्राने लिहिलं, यंत्रानेच वाक्यामागून वाक्य वाचून दाखवलं, त्याने हं म्हटलं. खाडाखोड जवळपास शून्य. निकाल लागला तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा त्याचे गुण पन्नाशीच्या आसपास येऊन थांबले होते.

आधी त्याला वाटलं, यंत्र बिघडलं असणार. त्याने उत्तरपत्रिका मागवून वाचली. यंत्राने एक शब्द चुकवला नव्हता. चुका त्याच्याच होत्या, आणि वाचताना त्या त्याला धडधडीत दिसत होत्या. हे असं कसं सांगितलं आपण?

तो एकटा नव्हता. राज्यभरात लेखनिक सोडून अनुलेखवर गेलेल्या पुष्कळ विद्यार्थ्यांचे गुण असेच घसरले होते. बातम्यांत 'निखळ गुण' हा शब्द आला आणि आठवड्याभरात सगळ्यांच्या तोंडी बसला. यंत्र जे देतं ते निखळ, मग आधीचे काय होते? ज्यांनी आयुष्यात कधी अपंग मुलाचा पेपर पाहिला नव्हता, तेही आता लेखनिक कशी उत्तरं पुरवतात यावर ठासून बोलू लागले. विद्यापीठाने चौकशी समित्या नेमल्या. अमोघच्या जुन्या उत्तरपत्रिका बाहेर निघाल्या. नाझनीनच्या अक्षरातली खाडाखोड पानोपानी होती, आणि प्रत्येक ठिकाणी खोडलेलं चूक होतं आणि वर लिहिलेलं बरोबर. दोघांनाही बोलावणं आलं. लेखनिकाची मदत सिद्ध झाली, तर अमोघचे आजवरचे सगळे गुण रद्द होणार होते आणि नाझनीनला दोन वर्षं परीक्षाबंदी.

त्या संध्याकाळी अमोघने तिला नदीकाठी प्रीतिसंगमावर बोलावलं. घाटाच्या पायऱ्यांवर पोरं भेळ खात होती. दोघं जरा बाजूला बसली. नाझनीनच्या अब्बांनी हे ऐकल्यापासून घरात तिच्याशी बोलणं टाकलं होतं. फुकट पुण्य करायला गेलीस आणि बदनामी घेऊन आलीस, एवढंच म्हणाले होते. हे तिने सांगितलं, पण तो ऐकत नव्हता. त्याच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती.

"तू मला कधी उत्तर सांगितलंस का?" पट्ट्यातून त्याने विचारलं.

"मला तुझ्या दगडांतलं काय कळतंय रे?"

"मग तू असताना मी चुकलो की मला कळायचं कसं?"

ती म्हणाली, "तुला खात्री नसली ना, की तू शेवटचा शब्द गिळतोस. पहिल्यापासून. आणि खात्री असली की धपकन टाकतोस. मी परत वाचायची ते तू बोललास तसंच वाचायची. गिळलेलं असलं की माझा आवाज शेवटी जरा चढायचा. मुद्दाम नाही करायचे मी. तुझ्याबरोबर बसून बसून लागलेली सवय ती."

अमोघला एकदम सगळं लख्ख दिसलं. चढलेला आवाज ऐकून तो थांबायचा, आणि थांबला की त्याला चूक सापडायची. इतकी वर्षं त्याला वाटत होतं, हे आपलंच डोकं चालतंय. अनुलेखला ना गिळलेला शब्द दिसत होता, ना धपकन टाकलेला. ते हुकूम उचलायचं आणि चूक असो, बरोबर असो, सारख्याच गोड खात्रीने वाचून दाखवायचं. असं ठासून वाचलेलं ऐकलं की कोणालाही ते खरंच वाटणार.

"म्हणजे माझा पहिला नंबर अर्धा तुझा होता," तो म्हणाला.

"शंका तुझीच होती अमोघ. मी फक्त ती परत देत होते."

"हे तू मला आधी सांगायला हवं होतंस. मी स्वतःला हुशार समजत बसलो."

हे वाक्य मनात जुळलं होतं ते कळवळून. पट्ट्यातून ते बाहेर पडलं ते बँकेच्या सूचनेसारखं, थंड आणि नीटनेटकं. नाझनीनने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. "पट्टा काढ आणि बोल," ती म्हणाली. "तुला काय म्हणायचंय ते मला यातून कळत नाही."

त्याने पट्टा काढला नाही. तो उठला, आणि तोल सावरत एकेक पायरी चढून निघून गेला. ती हाक मारेल असं त्याला वाटत होतं. तिने मारली नाही, आणि नंतरचा महिनाभर दोघं एकमेकांशी बोलली नाहीत.

समितीच्या प्रमुख डॉ. वैजयंती कुंभोजकर बाई स्वभावाने कडक, पण सरळ होत्या. त्यांनी दोघांनाही समोर बसवून चहा दिला आणि काय होणार ते समजावून सांगितलं. महिन्याभराने अमोघ एक पेपर देईल. अर्धा अनुलेखवर, अर्धा नाझनीनला सांगून. डोक्याची पट्टी दोन्ही वेळा लावलेली असेल. वाक्य वाचून दाखवल्यानंतर तो किती वेळा उत्तर बदलतो, ते मोजलं जाईल. यंत्राने वाचल्यावर जितकं बदलतो तितकंच नाझनीनने वाचल्यावर बदललं, तर तिची मदत नाही. जास्त बदललं, तर आहे.

"मला तुम्हाला अडकवायचं नाही," बाई म्हणाल्या. "पण मोजता येतं म्हटल्यावर मोजावं लागतं."

अमोघने विचारलं, की तिच्या आवाजाने त्याला स्वतःची शंका कळत असेल, तर ती मदत कोणाची धरायची? बाईंनी चष्मा काढून पुसला. मोजपट्टीत तो रकाना नाही, एवढं म्हणाल्या.

घरी आईने वेगळीच भुणभुण लावली. तिचं म्हणणं, पोरगी भली आहे, पण तू आधी तुझं बघ. तिनेच आपणहून केलं असं सांग, मला काय ठाऊक म्हण. अमोघने त्या दिवशी पट्टा काढून टेबलावर ठेवला आणि स्वतःच्या तोंडाने "नाही" म्हटलं. तो शब्द त्याला बऱ्यापैकी जमायचा.

पेपर त्याच दगडांच्या खोलीत झाला. या वेळी दाराशी पर्यवेक्षकांच्या जोडीला कुंभोजकर बाई आणि यंत्राचा एक माणूस. पहिला अर्धा भाग अनुलेखवर झाला. यंत्र वाचत गेलं, अमोघ हं म्हणत गेला. एकदाही त्याने काही बदललं नाही.

मग पट्टा निघाला, डोक्याची पट्टी तेवढी राहिली, आणि नाझनीन येऊन समोर बसली. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. पेनाचं टोपण काढलं, कागद सरळ केला. अमोघने आपल्या त्या सांडणाऱ्या बोलीत पहिलं वाक्य सांगितलं. तिने लिहिलं आणि परत वाचून दाखवलं.

अमोघ चमकला. हा तिचा आवाज नव्हता. म्हणजे होता तिचाच, पण इस्त्री केल्यासारखा. शब्दांमागून शब्द सारख्या अंतरावर, शेवट सपाट. दुसरं वाक्य तसंच, तिसरंही. गेला महिनाभर ही घरी बसून काय करत होती ते त्याला कळलं. कुठलंतरी पुस्तक समोर धरून, दार लावून, ती आवाज चढू न देता वाचायला शिकत होती. तिचा आवाज चढला की तो थांबणार, थांबला की बदलणार आणि बदललं की त्याचे गुण जाणार. ते जाऊ नयेत म्हणून तिने आपली सवय मोडली होती. आणि आपण महिनाभर तिच्यावर रुसून बसलो होतो. त्याला स्वतःची लाज वाटली.

शेवटचा प्रश्न धरणांचा होता. मोठा जलाशय भरल्यानंतर आसपास भूकंप का होऊ शकतात? अमोघच्या घरचाच प्रश्न. त्याने सांगितलं, की साठलेल्या पाण्याचं वजन खालच्या खडकावर पडतं आणि त्या वजनाने खडक फुटतो. बोलताना त्याने शेवटचा शब्द गिळला. गिळला हे आता त्याचं त्यालाच जाणवलं.

नाझनीनने वाचलं, "साठलेल्या पाण्याचं वजन खालच्या खडकावर पडतं आणि त्या वजनाने खडक फुटतो." सपाट. कागदावरची तिची नजर हलली नाही. पेन धरलेल्या बोटांची नखं मात्र पांढरी पडली होती.

अमोघच्या मनात ते वाक्य पुन्हा एकदा वाचलं गेलं, नाझनीनच्याच आवाजात, जुन्या, शेवटाला चढणाऱ्या. फुटतो? नाही. वजनाने भेगा उलट दाबल्या जातात. पाणी भेगांत झिरपतं, आतून ढकलतं, एकमेकींना घट्ट धरून बसलेल्या खडकाच्या दोन बाजूंची पकड सैल होते आणि खडक घसरतो. फुटत नाही, घसरतो. पुरं उत्तर मनात जुळलं, एकेक शब्द जागच्या जागी. कोणी आवाज चढवला नव्हता. त्याचं त्याला सापडलं होतं, आयुष्यात पहिल्यांदा.

आता फक्त "खोड ते" म्हणायचं होतं. पण म्हटलं असतं, तर यंत्राला एवढंच दिसलं असतं की नाझनीनने वाचलं आणि याने बदललं. यंत्राने वाचल्यावर एकदाही नाही, तिने वाचल्यावर एकदा. ज्या एका उत्तरात तिचा काडीचाही हात नव्हता, त्याच उत्तरासाठी ती दोन वर्षं घरी बसली असती.

अमोघने तिच्याकडे पाहिलं. तिने तेव्हा कुठे मान वर केली, आणि तिच्या डोळ्यांत सरळ सरळ भीती होती.

"हं," अमोघ म्हणाला.

तिने पूर्णविराम दिला.

पेपर संपला. यंत्राच्या माणसाने पडदा त्याच्यापुढे फिरवला. त्यावर नेहमीचा प्रश्न होता, की न बोललेली वाक्यं पुसायची की स्वतःच्या जबाबदारीवर नोंदीत ठेवायची. त्याचं बरोबर उत्तर तिथे कुठेतरी आत होतं, जुळलेलं आणि न सोडलेलं. ते बाहेर काढलं तर वेळेसकट बाहेर येणार, आणि ती वेळ नाझनीनने वाचल्यानंतरची असणार. त्याने बोट कसंबसं स्थिर करून 'पुसा' वर टेकवलं. पडदा रिकामा झाला. त्याला ओरडावंसं वाटलं.

कुंभोजकर बाईंनी दोन्ही भागांचे आकडे शेजारी ठेवून पाहिले. फरक नव्हता. लेखनिकाकडून अनुचित मदत झाल्याचं दिसत नाही, आधीचे गुण कायम, असं त्यांनी तिथेच सांगितलं आणि दोघांचं अभिनंदन केलं. यापुढे मात्र सर्वांसाठी अनुलेखच, लेखनिक बंद. त्या मनापासून खूश झाल्या होत्या. जाता जाता म्हणाल्या, धरणाचं उत्तर मात्र तुझ्याकडून असं अपेक्षित नव्हतं बाळ, कोयनेच्या पोराकडून.

बाहेर व्हरांड्यात नाझनीन चपला घालत थांबली होती. अमोघ आला तसं तिने विचारलं, "शेवटचं चुकलं होतं ना?"

त्याने मानेनेच हो म्हटलं.

"मला कळलं होतं. तू गिळलास शब्द." तिचे डोळे भरून आले. "माझा आवाज चढणारच होता रे. मी दातात जीभ धरली."

पट्टा त्याच्या हातात होता. तो त्याने घातला नाही. वाकड्या, सांडणाऱ्या शब्दांत त्याने तिला सगळं उत्तर सांगितलं, पाणी कसं झिरपतं, पकड कशी सैल होते. तिने समजून मान डोलावली. मग तो घाटावर बोलायचं राहिलेलं बोलला. माझं चुकलं, म्हणाला. यात गिळण्यासारखं काही नव्हतं, आणि तिला ते पहिल्या फटक्यात कळलं.

"परत वाचून दाखव ना," तो म्हणाला. "धरणाचं ते चुकीचं. पूर्वीसारखं."

ती हसली, डोळे पुसले, घसा साफ केला. "साठलेल्या पाण्याचं वजन खालच्या खडकावर पडतं आणि त्या वजनाने खडक फुटतो." सपाट आलं. तिने पुन्हा म्हणून पाहिलं. या वेळी आवाज चढला, पण भलत्याच ठिकाणी, नाटकात पहिल्यांदा उभ्या राहिलेल्या मुलीसारखा. तिसऱ्यांदा ती अर्ध्यावरच थांबली.

"येईना," ती म्हणाली. "महिनाभर तेच तेच घोकलं ना. येईल परत."

"हं," अमोघ म्हणाला, आणि शेवट गिळला. नाझनीनने नुसती मान डोलावली. या वेळी तिला ते गिळलेलं ऐकू आलं नव्हतं.

फाटकापाशी रिक्षा उभी होती. रिक्षावाल्याने कुठे जायचं विचारलं, तेव्हा पत्ता सांगायला अमोघने पट्टा पुन्हा गळ्यात घातला.